नांदती का?

माझ्या पोटात सासूबाईंची किडनी आहे. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. माझ्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा नवऱ्याला साखर म्हणून त्याची चालेना, आई माझी आधीच गेलेली. जुळली ती आत्याबाईंची. मंजुरी देणाऱ्या समितीतल्या साहेबांनी त्यांना विचारलं, कुणाची बळजबरी नाही ना? तर म्हणाल्या, "भात लावाया माणूस पायजे मला." साहेब हसले. मला राग आला, कारण बाई खरंच बोलत होती.

ऑपरेशन होऊन आम्ही दोघी उत्रोलीला घरी आलो आणि त्यांनी एकच लकडा लावला. सकाळी चहाचा कप हातात दिला की विचारायचं, "नांदती का?" किडनी म्हणजे त्यांची सासरी दिलेली लेक. तुला कसं वाटतंय, हे एकदाही नाही. मी फणकाऱ्यानं सांगायची, नांदतीय, खाऊनपिऊन सुखात आहे. मी या घरात नांदायला आले तेव्हा माझी एवढी चौकशी कुणी केली नव्हती.

पुढच्या वर्षी पाय सुजायला लागले. बीपी गोळ्यांना जुमानेना. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, किडनी चांगली आहे, पण तिला रक्त नेणारी नळी जोडापाशी अरुंद झालीय. ती उघडली नाही तर किडनी जाईल. जांघेतून तार घालायची, फुगा फुगवून नळी रुंद करायची आणि आत बारीक जाळी बसवायची. तार रोबोट सरकवणार, डॉक्टर काचेपलीकडे बसून त्याला चालवणार.

आत्याबाईंच्या हे पचनी पडेना. नवऱ्याच्या टेम्पोत कापूरहोळ येईपर्यंत त्या तेच घोकत होत्या, की माणूस हात लावणार नाही म्हणजे काय. अहो, चालवणारा डॉक्टरच आहे, असं मी समजावत होते. त्यांना की स्वतःला, देव जाणे.

टेबलावर मी जागी होते. जांघ बधिर केलेली, शेजारी तो यंत्राचा हात, जवळ माणूस कुणी नाही. डॉक्टरांचा आवाज स्पीकरमधून यायचा, हलू नका म्हणून. हलतेय कसली, भीतीनं माझं लाकूड झालं होतं. रक्त पोचेल तिथं काळं दिसणारं औषध सोडलं आणि पडद्यावर किडनी पुसट दिसली. तिच्याकडे जाणारी नळी एका जागी दोऱ्याएवढी उरली होती. फुगा फुगला, दोरा भरला आणि सगळी किडनी काळीभोर उमटली. मला रडू फुटलं. डॉक्टरांना वाटलं, दुखतंय.

बाहेर आत्याबाई बाकड्यावर बसल्या होत्या. त्यांनी विचारायच्या आत मीच सांगितलं, नांदतीय.

काही महिने बरे गेले. मग नळी पुन्हा आवळली. त्याच यंत्रानं ती दुसऱ्यांदा उघडलीही, पण तोवर किडनी सुकली होती. दोष यंत्राचा नव्हता, डॉक्टरांचा नव्हता, आणि तेच मला सोसेना. शिव्या घालायच्या तरी कुणाला? आता डायलिसिस, डॉक्टर म्हणाले. ही काढायची गरज नाही, आत राहू दे.

आत्याबाईंना सांगायची वेळ आली तेव्हा नवऱ्यानं तोंड फिरवलं. लेक नांदली नाही की बोल सासरच्यांना, हे आमच्याकडे ठरलेलं. आणि इथं सासर म्हणजे मीच. ऐकून घ्यायची तयारी करून मी गेले. त्या पडवीत तांदूळ निवडत होत्या.

"नांदती का?"

"नाही, आत्याबाई. संपली."

त्यांनी सूप खाली ठेवलं. मला हाताला धरून जवळ बसवलं आणि साडीवरून ओटीपोटाच्या उजव्या बाजूला, टाक्यांच्या जागी, तळहात टेकला. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी मला असा हात कधी लावला नव्हता. माझ्याकडे त्या बघतही नव्हत्या. बोलत होत्या ते तिच्याशी.

"लई सोसलंस गं बाई. माघारी याया आता जागा न्हाई तुला. हितंच ऱ्हा, हिच्यापाशी."