अठरा खटके

चौतीस वर्षं त्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेत काढली, पण एक तास कधी शिकवला नाही. त्या प्रयोगशाळा सहायक होत्या. परीक्षानळ्या धुवायच्या, द्रावणं करून ठेवायची, फुटलेल्या काचा झाडायच्या, एवढंच नेमून दिलेलं काम. तराजूची राखण मात्र त्यांनी आपण होऊन अंगावर घेतली होती. काटा स्थिर व्हायच्या आत कुणी वहीत आकडा लिहिला की बाई वही ओढून घेत आणि आकड्यावर फुली मारत. मुलांनी नाव पाडलं काटाबाई. ते असं चिकटलं की निरोपसमारंभात खुद्द मुख्याध्यापक भाषणात तेच बोलून गेले आणि मग जीभ चावून उभे राहिले. पहिली टाळी बाईंनीच वाजवली.

लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारणारे एकेक करून थकले. आधी वडिलांचं घर, मग बायकांचं वसतिगृह, मग आजारी आईची अकरा वर्षं. या सगळ्यात अठ्ठावन्न वर्षं गेली, तरी स्वतःची म्हणावी अशी एक खोली त्यांना मिळाली नव्हती. निवृत्त झाल्यावर तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर घेतलं. तिथे सोळा वर्षं कुणालाही न विचारता दिवा लावला, कुणालाही न विचारता मालवला, कधी दुपारी चारला जेवल्या, कधी जेवल्याच नाहीत. लोक म्हणत, एकटीला घर खायला उठत असेल. कसलं खायला उठतंय! बाईंचं त्या घराशी फार छान चाललं होतं.

आणि रोज सकाळी कॉफी. तिथे मात्र प्रयोगशाळा अजून चालू होती. हाताने फिरवायचा पोलादी ग्राइंडर, वीतभर उंचीचा. पंधरा ग्रॅम बिया तोलायच्या. चौदा नाही, सोळा नाही. चमच्याची दांडी पाण्यात बुडवून बियांतून एकदा फिरवायची, म्हणजे पूड ग्राइंडरच्या खालच्या डबीला चिकटत नाही. मग खुर्चीवर बसून ग्राइंडर डाव्या हाताने मांडीशी घट्ट धरायचा आणि उजव्याने दांडा फिरवायचा. सत्तर ते पंच्याहत्तर फेरे. पूड जाड की बारीक हे ठरवायला दळणाऱ्या दातांखाली एक चाकी असते. ती आवळत नेली की दाताला दात टेकतात आणि दांडा फिरेनासा होतो, तो शून्य. तिथून मागे सोडताना चाकी एकेका खटक्याने सुटते. बाईंचे खटके अठरा. सतरावर कॉफी कडवट होते आणि एकोणिसावर पाणचट, असं त्यांचं म्हणणं. खरंखोटं त्यांनाच माहीत, कारण दुसऱ्या कुणाला ती कधी प्यायला मिळत नसे.

दर रविवारी ग्राइंडर उघडायचा. सुटे भाग वर्तमानपत्रावर निघतील त्या क्रमाने मांडायचे: चाकी, शंकू, वॉशर, स्प्रिंग. दातांत अडकलेली जुनी पूड ब्रशने काढायची, कोरड्या फडक्याने पुसायचं, उलट्या क्रमाने जोडायचं आणि शून्यापासून मोजून अठरावर आणायचं. पाण्याचं नाव काढायचं नाही. धुतला की गंजलाच म्हणून समजा.

मग एके दिवशी बाई जिन्यात पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ते काढलं तेव्हा आतून निघालेला हात त्यांना स्वतःचा वाटेना, इतका वाळला होता. डॉक्टर म्हणाले, "वय बघता पकड पूर्वीसारखी येईलच असं नाही." त्यांच्या दृष्टीने ते साधं वाक्य होतं. बाईंच्या डोक्यात मात्र ते 'येईलच असं नाही' ठाण मांडून बसलं. पहिल्या आठवड्यात पंधरा फेऱ्यांवर हात थांबला. तिसऱ्या आठवड्यात दोनदा विसावा घेऊन सत्तर पुरे झाले. त्या सकाळी बाई एकट्याच मोठ्याने हसल्या.

त्यांना एकच बहीण, पाच वर्षांनी धाकटी. तिचं घर चार खोल्यांचं, मागे बाग. नवरा जाऊन सव्वा वर्ष झालेलं, दोन्ही मुलं परदेशी. प्लास्टर चढल्यापासून तिचा रोज फोन: "ताई, पुरे झालं आता, माझ्याकडे राहायला ये." बाईंचं रोज नाही. शेवटी एका सोमवारी ती स्वतःच येऊन थडकली, येताना रविवारच्या परतीची दोन तिकिटं काढूनच.

"दोन कशाला?" बाईंनी विचारलं.

"एक माझं, एक तुझं."

"मी ठणठणीत आहे."

"तर! भाजीची पिशवी डाव्या हातात धरून जिना चढलीस, मला दिसलं नाही का? उद्या परत पडलीस तर कळणार कुणाला? शेजारी वास येईपर्यंत थांबतील."

"तुझ्या जिभेला काही हाड?"

धाकटीची नजर टेबलावरच्या ग्राइंडरवर गेली. "हा फिरवता येतो?"

"रोज फिरवते."

"मग पैज. रोज सकाळी माझ्यासमोर दळायचंस. एक दिवस जरी अर्धवट सोडलंस, तर रविवारी मुकाट्याने माझ्याबरोबर यायचं, ते कायमचं. नाही सोडलंस, तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. आईशपथ."

बाई हो म्हणाल्या. आणि काटाबाईंनी दिलेला शब्द आजवर कधी परत घेतला नव्हता.

मग धाकटीने घर साफ करायला घेतलं. भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली, कपाटं पुसली. ग्राइंडर उचलून नाक मुरडलं. "शी! याला कधी साबण लागलाच नाही?" बाईंनी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि पाणी का लावायचं नाही, चाकी म्हणजे काय, शून्य कुठे, अठरा कसे मोजायचे, सगळं साग्रसंगीत समजावलं. धाकटीने जांभई देत ऐकलं.

मंगळवारी सत्तर फेरे झाले. बुधवारी चौऱ्याहत्तर. धाकटी समोर हनुवटीला हात लावून बसे आणि तोंडातल्या तोंडात मोजे. गुरुवारी तर बाईंनी एकच विसावा घेतला. धाकटीने कप तोंडाला लावला, "चांगली झालीय" म्हणाली आणि अर्धा कप तसाच ठेवून उठली. दुपारी बाई हाताच्या व्यायामासाठी दवाखान्यात जाऊन आल्या.

शुक्रवारी चौथ्या फेऱ्याला दांडा अडला. बाईंनी जोर लावला, मनगटातून कळ निघून कोपरापर्यंत गेली. थांबल्या. पुन्हा लावला. नऊ, दहा, अकरा. कपाळावर घाम आला आणि दांडा हातातून निसटला.

"ताई, राहू दे," धाकटी हळूच म्हणाली.

बाईंनी ग्राइंडर टेबलावर ठेवला. डबीत चिमूटभरसुद्धा पूड नव्हती.

आता कुणी म्हणेल, जन्मभर उपकरणं हाताळणाऱ्या बाईला ग्राइंडर तपासून बघायचं सुचू नये? नाही सुचलं. तीन आठवडे जे होईल म्हणून त्या धास्तावल्या होत्या तेच डोळ्यांदेखत झालं, मग तपासायचं काय? ग्राइंडरवर त्यांचा विश्वास होता. हातावर नव्हता.

दुपारी त्यांनी दूधवाल्याला सोमवारपासून दूध बंद म्हणून सांगितलं. कुंड्या शेजारी नेऊन दिल्या. बॅग काढली. धाकटी जिंकली होती, पण तिचा तोरा काही दिसेना. ती खाली मान घालून कपड्यांच्या घड्या करत होती, आणि त्यासुद्धा धड होत नव्हत्या. बाईंनी तिला एकच विचारलं.

"मला जी खोली देणार आहेस, तिची खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

"पूर्वेला."

"बरं," बाई म्हणाल्या. त्या खिडकीत बसून आपण काय करणार हे त्यांना सुचेना, म्हणून त्या पुन्हा बॅग भरायला लागल्या.

शनिवारी दुपारी ग्राइंडर बॅगेत घालायची वेळ आली. आत कालच्या अर्धवट चिरडलेल्या बिया तशाच. घाणेरडं उपकरण बांधून न्यायची बाईंची पद्धत नव्हती. वर्तमानपत्र पसरलं, बिया ओतल्या, आणि उघडायच्या आधी नेहमीच्या सवयीने चाकी शून्याकडे आवळत मोजायला लागल्या. एक. दोन. तीन. चाकी थांबली.

त्यांनी तीन खटके मागे सोडले आणि पुन्हा मोजले. तीनच. एकदा मोजलेलं त्या कधीच धरत नसत, म्हणून तिसऱ्यांदाही मोजले. तीन खटक्यांवर तरणाताठा पहिलवानही दमला असता. चाकी काही आपोआप पंधरा खटके आवळली जात नाही. आणि घरात माणसं दोनच.

बाईंनी आरडाओरडा केला नाही. ग्राइंडर साफ केला, जोडला, शून्यापासून मोजून अठरावर आणला. पंधरा ग्रॅम बिया तोलल्या, चमच्याची दांडी ओली करून फिरवली, खुर्चीवर बसल्या. बाहत्तर फेरे, दोन विसावे. दुसरा विसावा खरं तर नकोच होता. मग पुडीची डबी घेऊन त्या आतल्या खोलीत गेल्या आणि धाकटीसमोर ठेवली.

"चाकी तू आवळलीस."

धाकटीने डबीकडे बघितलं. "गुरुवारी. तू व्यायामाला गेलीस तेव्हा."

"माझा हात गेला, असं मला कालपासून वाटतंय!" बाईंचा आवाज चिरकला. असा राग त्यांना आयुष्यात आला नव्हता. "सगळं घर आवरलं मी. समोर बसून बघत होतीस, लाज नाही वाटली?"

"वाटली."

"मग?"

"मग काही नाही. वाटली तरी गप्प बसले." धाकटीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिने ते पुसलंही नाही. "मला त्या घरात राहवत नाही गं, ताई. अंधार पडायला लागला की चारही खोल्यांत दिवे लावते आणि एका खोलीत बसते. दोघांचा स्वयंपाक होतो हातून, मग टाकून देते. तुझ्या हाताचं नुसतं निमित्त होतं. तुझा हात बरा होत चालला होता आणि मला, खरं सांगू? मला वाईट वाटत होतं."

बाई खाटेच्या कडेवर बसल्या. "मग तसं विचारायचं होतंस."

"काय म्हणाली असतीस?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं तर त्या क्षणी बोलल्या असत्या. "नाही म्हणाले असते."

"बघ."

"तरी विचारायचं. आता विचार."

धाकटीने हाताच्या पाठीने नाक पुसलं. एकोणसत्तर वर्षांची बाई, पण लहानपणी रिबीन बांधून मागायची त्याच आवाजात म्हणाली, "ताई, येतेस माझ्याकडे? माझ्यासाठी?"

बाईंनी तिच्याकडे बघितलं. हिला कडेवर घेऊन घेऊन त्यांची कंबर एका बाजूला झुकली होती, असं आई म्हणत असे. आता हो म्हणावं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं, पण हो काही तोंडातून निघेना.

"नाही," त्या म्हणाल्या. "मला नाही जमणार. तू राहा इथे. महिना राहा, वर्ष राहा."

"इथे? इथे तू मला ग्राइंडरला हात लावू देशील?"

"आता तर मुळीच नाही!"

दोघींनाही हसू फुटलं, पण ते लवकरच आटोपलं. "नको," धाकटी म्हणाली. "ते घर मला खातं, आणि सोडवतही नाही. ह्यांचे चपलांचे जोड अजून दारातच आहेत."

रविवारी बाई तिला बसस्टँडवर सोडायला गेल्या. धाकटीची बॅग त्यांनी मुद्दाम उजव्या हातात धरली. एक तिकीट परत केलं. गाडी सुटताना धाकटीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "पैज तू जिंकलीस. मी विषय काढणार नाही. हात जप."

गाडी वळली आणि बाई चालत निघाल्या. दूधवाल्याला परत सांगायला हवं होतं, कुंड्या परत आणायला हव्या होत्या. अर्ध्या वाटेवर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला आनंद झालाय. थोडाथोडका नाही, रस्त्यात हसू आवरेना इतका. मग त्या आनंदाची लाज वाटली, आणि लाज वाटूनही तो कमी होईना. हे कुणाला तरी सांगायला हवं होतं. कुणीतरी ऐकून "अगं, कसली गं तू!" म्हणायला हवं होतं. तसं म्हणणारी त्यांना जगात एकच होती, आणि तिला त्यांनी आत्ताच गाडीत बसवून दिलं होतं.