बिरड्याच्या दिवसांतलं मटण

बारा वर्षांत आमचे आठ ग्रंथ वाचून झाले. त्यातलं काय लक्षात राहिलं ते विचारू नका, किस्से मात्र विचाराल तेवढे सांगतो!

इथे परदेशात, मरीन परेडला शलोमकाकांच्या फ्लॅटवर दर रविवारी आम्ही पाच-सहा मराठी बेने इस्राएली तालमुद, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राचे ग्रंथ, वाचायला जमायचो. काका हार्बरफ्रंटच्या शिपिंग ऑफिसातून रिटायर झालेले, आमचे गुरुजी तेच. वाचन कमी, ठाणे-अलिबागच्या गप्पा जास्त. पण बिरड्याचा रोजा जवळ आला की गाडी सुसाट! जेरुसलेमचं मंदिर पडलं, त्या दुःखाचा हा उपास. आधीचे आठ दिवस मटण बंद, वालाचं बिरडं सुरू. सवलत एकच. कुणी ग्रंथ वाचून पुरा केला, तर त्या आनंदाच्या जेवणाला, म्हणजे सियूमला, मटण चालतं.

"तारीख मुद्दाम जुळवायची नसते," काका दरवर्षी बजावायचे.

"मग फ्रीजरमधलं मटण काय चालत आलं?" आतून रिबेकाकाकू.

*

काकूंच्या रश्श्याबद्दल बोलायची सोय नव्हती. एका सियूमला मी नुसतं म्हटलं, मीठ जरा कमी वाटतंय. काकूंनी माझी ताटली उचलली आणि बिरडं वाढून आणलं. सगळे मटण खात होते, मी सोललेल्या वालासारखा चेहरा करून बसलो होतो.

*

डॅनियल वुडलँड्सला राहायचा. पोस्टडॉक, त्यामुळे तयारीचा भारी सोस. एका वर्षी आम्ही सगळ्यांनीच दांड्या मारलेल्या, ग्रंथ पूर्ण होणार तो फक्त त्याचा. शेवटच्या चार ओळी काकांनी मुद्दाम राखून ठेवल्या होत्या. पठ्ठ्याने येताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, प्रॅक्टिस म्हणून त्या वाचून टाकल्या आणि आल्या आल्या अभिमानाने सांगितलं!

काका म्हणाले, "संपला की मग. सियूम एमआरटीतच झाला."

"आणि तिथे खायला बंदी," काकू म्हणाल्या. त्या वर्षी सगळ्यांनी बिरडं खाल्लं.

*

काका-काकू आता इस्राएलला मुलाकडे असतात. रविवारी अजूनही चुकचुकल्यासारखं होतं. त्यांच्या इथल्या शेवटच्या वर्षी डॅनियलची आई ठाण्याला वारली. तो माती देऊन परत आला, पण आईचं वर्षभराचं सुतक, म्हणून कुणाच्या पंगतीला बसेना. अभ्यासाला यायचा आणि चहाआधी उठून जायचा. रोज एकटा जेवून वाळला होता. आम्हाला बघवत नव्हतं.

सुतकातल्या माणसालाही सियूमचं जेवण चालतं, हे काकांनी सांगितलं. ग्रंथाची चाळीस पानं बाकी होती. मग ठाण्याच्या गप्पा बंद, दांड्या बंद.

रोजाच्या आधीच्या रविवारी शेवटच्या चार ओळी डॅनियलला दिल्या. तीन वाचल्या आणि चौथीवर तो अडला.

"सावकाश," काकू दारातून म्हणाल्या. "रस्सा परत गरम करता येतो."

त्याने चौथी वाचली. मग ग्रंथाचा निरोप घ्यायचा असतो, तीनदा. काका तो अरामी भाषेत म्हणायचे, हा मराठीत म्हणाला, "आम्ही तुझ्याकडे परत येऊ, तू आमच्याकडे परत ये." तिसऱ्यांदा म्हणून झाल्यावर त्याने ग्रंथ मिटला.

काकूंनी ताटली वाढली. त्याने पहिला घास घेतला, थांबला.

"आईच्या रश्श्याला नारळाचं दूध जास्त असायचं."

आमचे हात ताटलीतच राहिले. काकू आत गेल्या आणि नारळाच्या दुधाचा दुसरा डबा फोडला.