टेबलाच्या पलीकडे

आमच्या स्केलबेक गावची काउंटेस हेस्टर मुळात रूबेन सुताराची पोर. गावचा तरुण उमराव, अर्ल, तिच्यावर भाळला, लग्न झालं आणि एका दुपारीत हेस्टरची 'लेडीसाहेब' झाली. लहानपणी मी जिच्या वेण्या ओढल्या, तिच्यापुढे गुडघा वाकवायची पाळी माझ्यावर आली. मला ते जड गेलं, खोटं कशाला सांगू?

हेस्टरला मात्र वेगळंच जड गेलं. दर ऑगस्टमध्ये आमच्याकडे गूजबेरीचं, म्हणजे काटेरी झुडपाच्या आंबट फळांचं, प्रदर्शन भरतं. चव कोणी विचारत नाही. तराजूवर सगळ्यात जड भरेल त्या गूजबेरीला चांदीचा कप. त्यासाठी माणसं झुडपावर छत्री बांधतात आणि स्वतः पावसात भिजतात. रूबेन जन्मभर हरला, तोही शेजारच्या थ्वेट लोहारांकडून. कपावर नुसते थ्वेटच थ्वेट. मरताना त्याने आपल्या झुडपाची फांदी लावायला म्हणून लेकीला दिली.

पण कप अर्लच्या हवेलीचा, आणि तो द्यायचा काउंटेसने. त्यामुळे हवेलीचा किताब लावणाऱ्याने स्पर्धेत उतरायचं नाही, असा नियम. हेस्टरने मुदपाकखान्यामागे झुडूप वाढवलं, लिंबाएवढी फळं काढली आणि दरवर्षी ती 'पाय' नावाच्या भट्टीत भाजलेल्या गोड पदार्थात घातली. अर्ल मिटक्या मारत खायचा. मग हसतमुखाने ही थ्वेटांना कप द्यायची.

अर्ल वारला. मुलाचं लग्न होऊन इमोजेन नवी काउंटेस झाली, तरी हेस्टरचा किताब काही सुटेना. अशात विधुर अमोस थ्वेटने तिला मागणी घातली.

इमोजेन घाबरीघुबरी झाली. "आई, लोहाराशी लग्न केलंत तर कायद्याने तुमचा किताब जाईल. नुसत्या मिसेस व्हाल."

"नक्की जाईल ना?" हेस्टरने विचारलं. "वकिलाला एकदा विचारून घे."

ही गोष्ट अमोसच्या कानावर गेली. तो तडक माझ्याकडे चहा पीत बसलेल्या हेस्टरसमोर येऊन उभा राहिला. "खरं सांग. तुला मी हवाय की तराजू?"

"दोन्ही," ती म्हणाली. "तू नुसता असतास तरी हो म्हटलं असतं. तराजू नुसता असता तर मात्र त्याच्याशी लग्न लागलं नसतं. बस, चहा घे."

तो बसला. बिचाऱ्याने साखर माझ्या कपात घातली.

त्या ऑगस्टमध्ये तराजू माझ्याच हातात होता. अमोसची गूजबेरी एका पारड्यात, हेस्टरची दुसऱ्यात. रूबेन मला आवडायचा, म्हणून मी दोन्ही पारडी आधी दोनदा पुसून घेतली. हेस्टरचं पारडं खाली गेलं आणि खालीच राहिलं.

"मिसेस थ्वेट," इमोजेनने पुकारलं.

हेस्टर उठली, सवयीने टेबलामागे गेली, कप उचलला आणि लोकांपुढे धरून हसत उभी राहिली. विजेता यायची वाट बघत. इमोजेन लाल झाली.

"हेस्टर," अमोस हळूच म्हणाला, "तो तुलाच मिळालाय गं. इकडून ये."

तिचा चेहरा उतरला, मग एकदम फुलला. कप ठेवून ती वळसा घालून पुढे आली आणि सुनेसमोर तिने गुडघा वाकवला, अगदी आम्ही इतकी वर्षं वाकवला तसा. गुडघा कटकन वाजला. मला रडू फुटलं.

"कपावर 'हेस्टर थ्वेट' कोरायचं ना?" मी डोळे पुसत विचारलं.

"रूबेन गार्थ कोर," ती म्हणाली. "बाबांचं नाव. झुडूप त्यांचं आहे."

अमोसने कपाळाला हात लावला. "म्हणजे माझं नाव घेतलंस, ते वापरणार कुठे?"

"त्या कपावर थ्वेट पुष्कळ आहेत," ती म्हणाली. "चल घरी. हरलेली गूजबेरी घे बरोबर, गूजबेरीचा 'पाय' करते."