न दिसलेला फ्योर्ड

हेमंतने नॉर्वेच्या सहलीचं जे वेळापत्रक केलं होतं, त्यात सकाळी कोणी किती वाजता अंघोळ करायची हेही लिहिलेलं होतं. ते त्याने आधी ईमेलने पाठवलं, मग उघडलं का ते विचारायला फोन केला, आणि विमानतळावर भेटल्याबरोबर छापील प्रत हातात ठेवली. प्रत प्लास्टिकच्या पाकिटात होती, कारण नॉर्वेत पाऊस असतो.

हेमंत आणि त्याची बायको रोहिणी तेव्हा कॉव्हेंट्रीला राहायचे, आम्ही नॉटिंगहॅमला. हेमंत सर्जरीतला ज्युनियर डॉक्टर, मी फिजिओथेरपिस्ट. काही वर्षांपूर्वी आम्ही एकाच वॉर्डात काम करायचो, आणि आमची मराठी आडनावं तिथे कोणालाच नीट म्हणता येत नसत, त्या समदुःखातून ही मैत्री जुळली. माझा नवरा सुधीर सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने आजवर डोंगर पाहिले ते लॅपटॉपच्या स्क्रीनवर. आमची इरा अकरा वर्षांची, जन्म नॉटिंगहॅमचाच. तिच्या मराठीत स्त्रीलिंग, पुल्लिंग आणि नपुंसकलिंग हे तिघे सोयीप्रमाणे एकमेकांची ड्यूटी करतात.

विमानात रोहिणी माझ्या शेजारी बसली. तिच्या पर्समध्ये पडद्यांच्या कापडाचे सात-आठ तुकडे होते. कॉव्हेंट्रीत घर घ्यायचं म्हणून ती चार-पाच महिने शनिवार-रविवारी घरं बघत हिंडत होती. घर अजून ठरलं नव्हतं, पण दिवाणखान्याचे पडदे ठरायच्या बेतात होते. राखाडी की मोतिया, असा प्रश्न होता. मी मोतिया म्हटलं. पलीकडे बसलेला हेमंत सँडविच खात होता. त्याचं मत विचारलं, तर म्हणाला, दोन्ही छान आहेत.

बर्गनला उतरलो तेव्हा बेल्टवर सगळ्यांच्या बॅगा आल्या, फक्त हेमंतची आली नाही. तिच्यात त्याचे खास डोंगरात चालायचे बूट होते. ते पायात बसावेत म्हणून सहा आठवडे तो फ्लॅटमध्ये ते घालून वावरला होता, खालच्या शेजाऱ्यांनी तक्रार करेपर्यंत. काउंटरवरची मुलगी अतिशय सहानुभूतीने म्हणाली की बॅग उद्या येईल. कुठला उद्या, ते तिने सांगितलं नाही.

भाड्याच्या गाडीतून निघालो. सुधीरला रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची सवय नव्हती, त्यामुळे प्रत्येक चौकात आम्ही चौघं मिळून 'उजवीकडे, उजवीकडे' म्हणत होतो. मग बोगदे सुरू झाले. एक संपला की डोळे दिपतील इतकं हिरवं काहीतरी दिसायचं, ते काय आहे हे कळायच्या आत दुसरा बोगदा. शेवटच्या बोगद्यातून बाहेर आलो आणि समोर हार्डांगरचा फ्योर्ड (डोंगरांच्या मधून आत घुसलेला समुद्राचा चिंचोळा हात) पसरलेला होता. पाणी इतकं स्थिर की डोंगर त्यात उलटे उभे होते. सुधीरने गाडी कडेला घेऊन थांबवली. मग हेमंत म्हणाला की आपण पंचवीस मिनिटं मागे आहोत.

आमचं मुक्कामाचं ठिकाण म्हणजे सफरचंदाच्या बागेतलं एक हिट्टे (लाकडी घर). छपरावर चक्क गवत वाढलेलं. "आई, इथे घरच्या डोक्यावर लॉन आहे," इरा म्हणाली. मालकीणबाई इंग्रिड सत्तरीच्या, उंच, ताठ कण्याच्या, आणि शब्द मोजून वापरणाऱ्या. त्यांनी स्वागताला ब्रूनुस्त (तपकिरी चीज) आणि पाव ठेवला होता. कोणीतरी कलाकंदात चुकून मीठ घालावं आणि मग ते मान्य करू नये, तशी त्याची चव. इराने अख्खी वडी दोन दिवसांत संपवली. आम्ही बदल्यात थालीपीठं केली. इंग्रिडबाईंनी ती सफरचंदाच्या जॅमबरोबर खाल्ली आणि "तक्" (धन्यवाद) म्हणाल्या. तिसऱ्या थालीपिठानंतर पुन्हा एकदा म्हणाल्या.

वेळापत्रकातला मुख्य दिवस तिसरा. गावामागच्या डोंगरावर जाऊन-येऊन सहा तासांची चढाई, माथ्यावरून अख्खा फ्योर्ड दिसतो अशी त्याची ख्याती. बॅग तोवर आलेली नव्हती. सुधीरने आशेने सुचवलं की डोंगर रद्द करून बोटीतून फिरू. हेमंत एरवी लगेच जमवून घेणारा माणूस, पण इथे हटून बसला. इंग्रिडबाईंनी शेडमधून आपल्या दिवंगत नवऱ्याचे गमबूट आणले. ते हेमंतला दीड नंबर मोठे होते. त्याने मोज्यांचे तीन जोड घातले आणि फिट आहेत म्हणून जाहीर केलं.

निघताना इंग्रिडबाईंनी इराला जवळ बोलावून समजावलं. वाटेवर दगडांच्या राशींवर लाल रंगात टी अक्षर काढलेलं असतं. एका खुणेपासून पुढची दिसते. दिसली नाही, तर असशील तिथेच बसायचं, पुढे जायचं नाही. इराने ते आम्हाला इंग्रजीतून, मराठीतून आणि पुन्हा इंग्रजीतून सांगितलं. आम्ही मोठ्यांनी मोठ्यांसारखं ऐकलं, म्हणजे ऐकलं नाही.

पहिले दोन तास सुरेख गेले. बर्चच्या झाडीतून वाट चढत होती, पायाखाली चिखल आणि शेवाळ, आणि दोन्ही बाजूंना पिकलेल्या निळ्या बेरी. जिभा निळ्या होईपर्यंत खाल्ल्या. झाडी संपली तसा वारा सुटला. वरून एक वयस्क जोडपं उतरत येत होतं. वर कसं आहे, असं सुधीरने विचारलं. आजोबांनी काठी वर करून "तोके" (धुकं) एवढंच सांगितलं. मग आजीबाई इंग्रजीत म्हणाल्या, "काही दिसत नाही. पण छान आहे." त्या मनापासून बोलत होत्या.

अर्ध्या तासात धुक्याने आम्हाला गाठलं. सुधीर, इरा आणि रोहिणी पुढे होते. हेमंत मागे पडला, आणि तो लंगडतोय हे पाहून मी थांबले. बूट काढायला लावले. दोन्ही टाचांना फोड येऊन फुटले होते, मोज्याला रक्त लागलं होतं. मी सॅकमधून बँडेज काढून टाचा बांधल्या आणि म्हटलं की आता परत फिरायचं.

"परत नाही फिरायचं," तो म्हणाला. "मला वर जाऊन रोहिणीला एक सांगायचंय."

आणि मग तो मलाच सांगत गेला. त्याची नोकरी नोव्हेंबरात संपत होती. बाहेरून आलेल्या डॉक्टरांसाठी नियम बदलल्यापासून त्याचे अर्ज पहिल्याच चाळणीत गळत होते. नोकरी नाही म्हणजे व्हिसा नाही. हे त्याला फेब्रुवारीपासून माहीत होतं. सांगायला चांगली जागा, चांगली वेळ शोधता शोधता त्याने हा डोंगर शोधून काढला होता. समोर फ्योर्ड असेल, ऊन असेल, तिथे हे वाक्य जरा सोपं जाईल असा त्याचा हिशेब. अंघोळीच्या वेळा लिहिलेल्या त्या वेळापत्रकात तिसऱ्या दिवशी बारा ते एक अशी रिकामी जागा होती. मला वाटलं होतं जेवणाची असेल.

मला त्याची दया आली आणि रागही आला. मी एवढंच म्हटलं की वर पोचल्याबरोबर सांग, आता एक तासही लांबवू नकोस.

माथ्यावर पोचलो तेव्हा एक दगडांची रास, तिच्याभोवती पाच-सात पावलं जमीन, आणि पुढे सगळीकडे पांढरं. चुन्याने सारवलेल्या भिंतीकडे तोंड करून उभं राहावं तसं. रोहिणीने डबा उघडून प्रत्येकाला लाडू दिला. हेमंतने लाडू हातात धरूनच सांगायला सुरुवात केली. सुधीरने इराला जरा बाजूला नेलं, पण तिथे बाजू अशी फारशी नव्हती.

रोहिणीने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्या हातातल्या बँडेजच्या गुंडाळीकडे पाहिलं, आणि माझ्या चेहऱ्याकडे.

"अनघाला माहीत आहे?"

वाटेत सांगितलं, हेमंत म्हणाला.

"विमानात मी पडद्यांचं कापड दाखवत होते," ती म्हणाली, "तेव्हा तू सँडविच खात होतास." आवाज अजिबात चढला नव्हता. तिने डब्याचं झाकण लावलं, सॅक पाठीला अडकवली आणि आल्या वाटेने उतरायला लागली. आम्हाला वाटलं चार पावलं जाईल, थांबेल. ती दिसेनाशी झाली, त्यानंतर थोड्या वेळाने पावलांचा आवाजही थांबला.

हाका मारल्या. धुक्यात हाक कुठून येते आणि कुठे जाते काही कळत नाही. एका बाजूला उतार होता, दुसऱ्या बाजूला सरळ कडा. मोबाइलला रेंज नव्हती. हेमंत धावत सुटणार होता, तर इराने त्याचं जाकीट पकडून ठेवलं. "काका, आधी टी शोधायची. टी नसेल तर नाही जायचं," ती रडवेली होऊन ओरडली. त्या क्षणी आमच्यात डोकं ठिकाणावर असलेली तीच एक होती. मग आम्ही तसंच केलं. एकाने खुणेपाशी उभं राहायचं, बाकीच्यांनी पुढची शोधायची, ती सापडली की मागच्याला बोलवायचं. दर खुणेला इरा सॅकच्या पट्ट्याला असलेली शिट्टी वाजवायची आणि आम्ही श्वास रोखून ऐकायचो.

एका खुणेनंतर वाट चिखलात हरवली होती. तिथून उजवीकडे बुटांचे ठसे गेलेले होते, कड्याच्या बाजूला. हेमंतने ते पाहिले आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मीही हबकले. माझ्या मनात त्या वेळी जे जे आलं, ते इथे लिहीत नाही. इराने पुन्हा शिट्टी वाजवली. आणि खालून, अगदी जवळून, रोहिणीचा आवाज आला, "इथे आहे."

एका दगडांच्या राशीला पाठ टेकून ती बसली होती, ओलीचिंब. चुकीच्या बाजूला वीसेक पावलं जाऊन तिच्या लक्षात आलं होतं, मग वळसा घालून ही खूण सापडली आणि पुढची दिसेना, म्हणून ती तिथेच बसून राहिली. तेवढं मात्र तिने ऐकलं होतं. हेमंत तिच्याजवळ पोचला आणि पाय मुडपून खाली बसला. बँडेज केव्हाच सरकलं होतं. एका बुटातून त्याचा पाय बाहेर निघाला, तेव्हा मोजा लाल झालेला होता.

"असा धावत आलास?" ती म्हणाली.

तो पाय परत बुटात घालायला लागला. ती पुन्हा म्हणाली, "इतकी घरं पाहिली. दर वेळी तू म्हणालास, स्वयंपाकघर लहान आहे. मला वाटायचं, माझा किती विचार करतो."

मी त्याच्या टाचा पुन्हा बांधल्या. ती माझ्याकडे न बघता बँडेजचं टोक धरून बसली. उतरायला साडेचार तास लागले. शेवटच्या टप्प्यात हेमंतचा एक हात सुधीरच्या खांद्यावर होता आणि दुसरा रोहिणीच्या.

त्यानंतरचे दोन दिवस आम्ही सगळे अतिशय सभ्यपणे वागलो. धबधबे पाहिले, बोटीतून फिरलो, बर्गनच्या मासळीबाजारात भर पावसात उभं राहून फिश सूप प्यायलो. मीठ दे, खिडकी लावू का, इतपत बोलणं चालू होतं. बोटीवर एकदा रोहिणी एकटी दिसली तेव्हा मी तिची माफी मागितली. मला जेमतेम वीस मिनिटं आधी कळलं होतं, असं म्हणाले.

"वीस मिनिटं का होईना," ती म्हणाली, "पण माझ्याआधी."

परतीच्या विमानात हवाई सुंदरीने लँडिंग कार्डं वाटली. आम्हा तिघांचे पासपोर्ट एव्हाना ब्रिटिश झाले होते, आम्हाला ती भरायची नव्हती. रोहिणीने दोघांची भरायला घेतली. नाव, जन्मतारीख, पत्ता हे सगळं तिने न विचारता लिहिलं. मग पेन थांबलं.

"यूकेमध्ये किती दिवस राहणार, असं विचारलंय," ती म्हणाली.

हेमंतने खिडकीबाहेर पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं. "तीन महिने लिही," तो म्हणाला.

तिने लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुबक होतं.

विमानतळावर आमची रांग वेगळी, त्यांची वेगळी. आम्ही पाच मिनिटांत बाहेर पडलो आणि बॅगांची ट्रॉली घेऊन उभे राहिलो. ते दोघं का येत नाहीत, असं इराने दोनदा विचारलं. त्यांची रांग मोठी आहे, असं मी सांगितलं, आणि ते खरंही होतं. सहलीहून परत आल्यावर घर जास्त आवडायला लागतं म्हणतात. एका विमानातून आम्ही पाच जण उतरलो, पण घरी परत आल्यासारखं फक्त आम्हा तिघांना वाटत होतं, आणि त्याची मला उगाचच लाज वाटत होती.

पाऊण तासाने ते दोघं आले. हेमंत चपलांवर, लंगडत. रोहिणी सरळ माझ्यापाशी येऊन थांबली.

"तुमच्या हॉस्पिटलात चांगले मजबूत खोके येतात ना गं?" तिने विचारलं. "बाजूला ठेवत जा. पॅकिंगला लागतील."

किती हवेत, मी विचारलं.

"पुस्तकं फार आहेत," ती म्हणाली. "जमतील तेवढे आण. आणि आणशील तेव्हा भरायलाही थांब."