मॉरीनवहिनींचं गाव

मॉरीनवहिनींचा फोन आला तेव्हा मी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून नुकताच आत आलो होतो, बूटसुद्धा पायातच होते. "भाऊजी, अरविंद गेला," एवढंच म्हणाल्या, मराठीत. आयरिश घराण्यातली ही बाई नवऱ्याच्या मित्राला अजून भाऊजी म्हणते... मी "बरं," म्हणालो. बरं! माणूस गेल्यावर कोणी बरं म्हणतं का?

अरविंद आणि मी नागपूरचे. दोघंही इंजिनियर, कॅनडात एडमंटनला आलो तेही एकाच सुमारास. इथे त्यानं ऑफिसातल्या मॉरीनशी लग्न केलं. पहिल्यांदा तिला नागपूरला नेलं तेव्हा त्याच्या आईनं नव्या सुनेला कौतुकानं विचारलं, "तुझं गाव कोणतं गं?" वहिनींचे आईवडील त्यांच्या लहानपणीच गेलेले. पणजोबा आयर्लंडहून बोटीनं क्वेबेकला उतरले, यापलीकडे त्यांना काही ठाऊक नव्हतं. तिथे नुसत्या हसल्या आणि परतीच्या विमानात रडल्या. अरविंदनंच मला सांगितलं. ते त्याच्या मनातून कधी गेलं नाही. रिटायर झाला आणि गडी पेटलाच. "एकदा गाव सापडू दे लेका, तिला तिथं नेऊन उभी करतो. मग कोणी विचारलं तर सांगेल, माझं गाव अमुक."

बेसमेंटमध्ये त्यानं दुकानच मांडलं. बोटींवरच्या प्रवाशांची नावं, चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी, कबरींचे फोटो, भिंतीवर आयर्लंडचा हा एवढा नकाशा. क्वेबेकच्या नोंदीत पणजोबा सापडले, पॅट्रिक मायकेल डोलन, तेव्हा पठ्ठ्यानं आम्हाला श्रीखंड खाऊ घातलं. पॅट्रिक, मायकेलचा मुलगा! मधलं नाव बापाचंच, दुसऱ्या कोणाचं असणार? झालं, मायकेल डोलनच्या हात धुऊन मागे लागला. कैक वर्षांनी मेयो परगण्यातल्या एका मायकेलला पॅट्रिक नावाचा मुलगा निघाला, वयही जुळलं. गाव ठरलं. विमानाची तिकिटं काढली. वहिनींनी तर नवा रेनकोटही घेतला.

आणि मग तो हे सगळं लायब्ररीत एका आयरिश आजीबाईंना मिरवायला गेला. त्याही अशीच वंशावळ शोधत असत. त्यांनी कागद पाहिले आणि विचारलं, मायकेल हा बाप कशावरून? मधल्या नावावरून, हा म्हणाला. "अहो, आमच्यात संताचं नाव ठेवतात, काकाचं ठेवतात, नुसतं आवडलं म्हणूनही ठेवतात. बापाचं कोणी सांगितलं तुम्हाला?" घरी येऊन त्यानं वहिनींना सांगितलं तेव्हा मी तिथेच होतो. वहिनी हसत सुटल्या, "अरविंद, तू माझ्या माणसांना मराठी करून टाकलंस!" हसता हसता डोळे पुसले, आणि तिकिटं कॅन्सल करायला स्वतःच फोन उचलला.

तो पुन्हा पहिल्यापासून बसला. पण बापाचं नावच नाही म्हटल्यावर ढीगभर पॅट्रिक डोलनांतला आपला कोणता? आयर्लंडची जुनी जनगणना बघावी, तर ती बरीचशी डब्लिनच्या दफ्तरखान्याच्या आगीत केव्हाच जळालेली. "जाऊ दे ना आता," मी म्हणायचो. "तू गप रे," म्हणायचा. शेवटी शेवटी कागदही उघडत नसे, नुसता नकाशासमोर खुर्ची टाकून बसायचा. मला त्याचा राग यायचा, आणि त्याच्याकडे बघवायचंही नाही. गाव सापडलं नाही. आता सापडणारही नाही.

बाराव्याला गुरुजी आले. अरविंदची मुलगी नीना विधीला बसली. गुरुजींनी अरविंदच्या वडिलांचं नाव विचारलं. "विष्णू," नीना पटकन म्हणाली, "इट्स बाबाज मिडल नेम." आणि त्याच्या आजोबांचं? पणजोबांचं? ती माझ्याकडे बघायला लागली. "काका, यू मस्ट नो." जन्माची दोस्ती, पण मी कधी विचारलंच नव्हतं. नागपुरात फोन करून विचारावं असंही त्याचं कोणी उरलेलं नाही. वहिनी खाली बेसमेंटमध्ये गेल्या. कपाटं उघडल्याचे, खोकी ओढल्याचे आवाज वर येत राहिले. गुरुजी हातातली पळी तशीच धरून थांबले. वहिनी वर आल्या त्या रिकाम्या हातांनी.

"सगळं माझंच आहे, भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्याचं काहीच नाही."

नाव ठाऊक नसेल तर नुसतं बाबांचे आजोबा, पणजोबा म्हणा, चालतं, गुरुजी हलकेच म्हणाले. नीनानं तळहातावर पाणी घेतलं आणि तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आजोबा... पणजोबा..."