डोळ्याच्या पडद्याचे फोटो

न्हाव्याचे हात आधी गेले. वस्तरा गळून पडायला लागला, मग जीभ जड झाली. मोटर न्यूरॉनचा आजार आहे आणि त्यावर उतारा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं.

"पण आमच्या अभ्यासात याल? डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो काढतो. आजार वाढतो तसा तिथे काही फरक दिसतो का, ते बघायचंय. तुम्हाला मात्र त्याचा काही उपयोग नाही."

त्याने होकार दिला. दुकान मुलाकडे गेलं होतं, घरात त्याला कोणी काही विचारत नव्हतं. इथे निदान त्याची गरज होती. दर खेपेला तो हट्टाने इस्त्रीचा शर्ट घालून जायचा.

पुढे मान धरवेना. यंत्राच्या पट्टीवर हनुवटी टेकवली की डोकं घसरायचं. शेवटच्या खेपेला नर्सने डोळ्यांत थेंब घातले आणि मुलाने मागून डोकं दाबून धरलं.

"बाबा, जरा नीट बसा की," तो वैतागून म्हणाला.

फोटो हललेलेच आले.

"आता यांना नका आणू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "असे फोटो आम्हाला वापरता येत नाहीत."

"सुटलो," मुलगा म्हणाला. "दर वेळी दुकान बंद ठेवावं लागायचं."

म्हाताऱ्याला बोलता येत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. त्याच्या डोळ्यांना धार लागली. नर्सने कापसाने गाल पुसले.

"थेंब झोंबतात काहींना," ती म्हणाली. "घरी जाईपर्यंत थांबेल."

मुलाने मान डोलावली आणि चाकाची खुर्ची दाराकडे वळवली.