तुळशीखालची माती

शिसं वितळवणारी भट्टी केव्हाच बंद पडली. आमच्या गल्लीतली अंगणं मात्र परवा खरवडली. माणसं विषारी माती पोत्यांत भरत होती. शेजारच्या सुमनकाकू तुळशीपुढे आडव्या आल्या. "इथली नका काढू. शोभाच्या वेळचे माझे डोहाळे या मातीनंच पुरवले. रोज चिमूटभर खायचे मी."

बोलता बोलता त्या थांबल्या. चाळिशीची शोभा उंबऱ्यावर बसून बाहुलीला थोपटत होती. तिच्याकडे बघतच काकू बाजूला झाल्या.

विष कडूच असणार, असं आपण का धरून चालतो कोण जाणे.

आता अंगणात नवी माती आहे. पाणी पडलं की तिलाही तोच गोड वास सुटतो. काकू नाकाला पदर लावूनच सडा घालतात.